दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक : महाविद्यालयात आणि विद्यापीठात हक्काच्या सोयी प्रत्यक्ष कशा मिळवाव्यात

बारावीपर्यंत दिव्यांग विद्यार्थ्याची काळजी घेणारे कोणी ना कोणी शाळेत असते. वर्गशिक्षक ओळखीचे असतात, मंडळाचे अर्ज शाळाच भरून पाठवते आणि परीक्षेतील सवलतीची आठवणही शाळाच करून देते. महाविद्यालयात ही साखळी तुटते. प्रवेश विभाग, परीक्षा विभाग, ग्रंथालय आणि वसतिगृह यांची दप्तरे स्वतंत्र असतात, आणि प्रवेशाच्या वेळी दिलेले दिव्यांगत्व प्रमाणपत्र परीक्षा विभागापर्यंत आपोआप पोहोचेल अशी कोणतीही व्यवस्था बहुतेक ठिकाणी नसते. मी स्वतः अल्पदृष्टी असलेला विद्यार्थी म्हणून महाराष्ट्रातील एका विद्यापीठातून पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण घेतले असून त्यानंतर अनेक नव्या विद्यार्थ्यांचे अर्ज लिहून देण्याचे काम केले आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो : प्रमाणपत्र दाखवल्याने सोय मिळत नाही. नेमकी अडचण आणि नेमकी सोय लेखी, वेळेवर आणि योग्य टेबलावर मागितली, तरच ती मिळते. पुढील सर्व पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आधी हातात घ्या

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकूण २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केलेले आहे. अंधत्व, कर्णबधिरत्व आणि अस्थिव्यंग हे प्रकार सर्वांना ठाऊक असतात. परंतु विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हेही याच यादीत आहेत. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या भागात सिकलसेलचे रुग्ण असलेली कितीतरी मुले महाविद्यालयात शिकतात. आपल्याला या कायद्याचा आधार आहे हे त्यांच्यापैकी अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते.

प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन कार्डाच्या, म्हणजेच यूडीआयडी या दिव्यांगांसाठीच्या विशिष्ट ओळखपत्राच्या, शासकीय संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. आधार, छायाचित्र, पत्त्याचा पुरावा आणि जुने वैद्यकीय कागद जोडून रुग्णालय निवडावे. त्यानंतर जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणी होते. बहुतेक रुग्णालयांत ही तपासणी ठरावीक वारीच होते, म्हणून निघण्यापूर्वी वार विचारून घ्या. बारावीच्या निकालानंतर तेथे मोठी गर्दी उसळते, त्यामुळे हे काम अकरावीतच उरकलेले उत्तम.

येथे तीन ठिकाणी विद्यार्थी अडकतात. पहिले म्हणजे जुने हस्तलिखित प्रमाणपत्र किंवा राज्याच्या पूर्वीच्या एसएडीएम प्रणालीवरील प्रमाणपत्र. प्रवेशाच्या वेळी त्यावर आक्षेप येऊ शकतो, म्हणून यूडीआयडी कार्ड काढूनच घ्यावे. दुसरे, अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र : दहावीसाठी मिळालेल्या प्रमाणपत्रावर पदवीपर्यंत विसंबून राहता येत नाही, अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. तिसरे, नावातील फरक. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि यूडीआयडी या तिन्हींवर नावाचे इंग्रजी स्पेलिंग एकच आहे का, हे आज रात्रीच तपासा. एका अक्षराच्या फरकाने शिष्यवृत्ती महिनोन्महिने अडते.

जवळ ठेवायची कागदपत्रे अशी :

- यूडीआयडी कार्ड आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्र (मूळ प्रत व पाच साक्षांकित प्रती)
- आधार कार्ड आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक
- दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला
- अधिवास प्रमाणपत्र. लागू असल्यास जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला
- दहावी-बारावीत मंडळाने मंजूर केलेल्या सवलतीचे पत्र
- लेखनिकाची (तुम्ही सांगाल ती उत्तरे परीक्षेत लिहून देणाऱ्याची) गरज असल्यास जिल्हा शल्यचिकित्सकांचे किंवा सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्यांचे तसे प्रमाणपत्र

यांतील मंडळाचे पत्र बहुतेक जण फेकून देतात. ते जपा. ही सवलत पूर्वी दिली गेली आहे, हे त्यावरून सिद्ध होते, आणि परीक्षा विभागात या कागदाला वजन असते.

२. प्रवेश घेण्यापूर्वी परिसर स्वतः पाहून या

हे काम सुट्टीच्या दिवशी न करता वर्ग भरलेले असताना करावे. फाटकापासून वर्गापर्यंत, वर्गापासून ग्रंथालयापर्यंत आणि तेथून स्वच्छतागृहापर्यंत स्वतः जाऊन पाहावे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनी उताराची चढण विशेष लक्ष देऊन तपासावी. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी, हे मान्य प्रमाण आहे. त्याहून तीव्र उतार केवळ नावापुरता बांधलेला असतो आणि त्यावरून एकट्याने खुर्ची नेणे धोक्याचे असते. दाराची मोकळी रुंदी सुमारे ९०० मिलिमीटर हवी. दिव्यांगांसाठी राखीव स्वच्छतागृह असल्याचे सांगण्यात आले, तर ते उघडे आहे का ते पाहा. कुलूप असेल, तर किल्ली कोणाकडे असते आणि ती व्यक्ती दुपारी किती वाजता घरी जाते हेही विचारा. लिफ्ट असेल, तर ती विद्यार्थ्यांना वापरू देतात का, याची चौकशी करा.

३. प्रवेश अर्जात दिव्यांगत्वाची नोंद करा

शासकीय आणि शासकीय अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांत, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट मिळते. कायद्याच्या कलम ३२ मध्ये ही तरतूद आहे. काही विद्यार्थी गुण चांगले असल्यामुळे खुल्या जागेवर प्रवेश घेतात आणि अर्जातील दिव्यांगत्वाचा रकाना मोकळा सोडतात. पालकांनाही कधी कधी ही नोंद नकोशी वाटते. माझे मत असे आहे की जागा खुली घ्या अथवा राखीव, नोंद मात्र अवश्य करा, कारण पुढे परीक्षेतील सवलत मागताना 'प्रवेशाच्या वेळी हे का सांगितले नाही' हा प्रश्न हमखास येतो.

विनाअनुदानित महाविद्यालयांना ५ टक्के आरक्षणाचे हे कलम लागू होत नाही, परंतु तेवढ्यावरून तेथे कोणतीच सोय मागता येणार नाही असे समजू नका. कलम १६ हे शासनाची मान्यता असलेल्या सर्व शिक्षणसंस्थांना लागू आहे आणि विद्यार्थ्याच्या वैयक्तिक गरजेनुसार वाजवी सोय पुरवण्याची जबाबदारी त्यात स्पष्ट सांगितलेली आहे.

'हा अभ्यासक्रम तुम्हाला झेपणार नाही' असे तोंडी सांगून परत पाठवण्याचे प्रकारही घडतात. महाराष्ट्रातील एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात, ओंकार गोंड खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पष्ट केले की दिव्यांगत्वाची टक्केवारी एवढ्याच कारणावरून उमेदवाराला अपात्र ठरवता येत नाही. तो अभ्यासक्रम त्याला पूर्ण करता येईल की नाही, हे तज्ज्ञ मंडळाने तपासले पाहिजे. म्हणून असे उत्तर मिळाल्यास ते लेखी मागा.

४. पहिल्या पंधरवड्यात लेखी अर्ज द्या

सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, आणि नवे विद्यार्थी तीच टाळतात. प्राध्यापक तोंडी 'काही लागले तर सांगा' म्हणतात आणि त्यात आपलेपणा खरोखरच असतो. परंतु सत्र संपताना ते प्राध्यापक बदललेले असतात किंवा परीक्षेचे केंद्र दुसऱ्या महाविद्यालयात गेलेले असते. अर्जात आजाराचे नाव लिहून भागत नाही. तुम्हाला कोणते काम करताना अडचण येते आणि त्यावर काय हवे आहे, हे लिहावे. 'मला दृष्टिदोष आहे, सहकार्य करावे' या वाक्यावर कोणताही कर्मचारी काहीही करू शकत नाही. पुढील नमुना पाहा :

*मा. प्राचार्य यांस,*
*विषय : दिव्यांग विद्यार्थ्यास शैक्षणिक सोयी मिळणेबाबत.*
*महोदय, मी प्रथम वर्ष कला या वर्गात शिकत असून मला अल्पदृष्टी आहे. पहिल्या बाकावरूनही मला फळा वाचता येत नाही आणि पुस्तकाच्या नेहमीच्या आकाराचा मजकूर मी सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त वाचू शकत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ व १७ नुसार मला पुढील सोयी मिळाव्यात, ही विनंती : (१) वर्गातील टिपणे व सादरीकरणे युनिकोड मजकुराच्या स्वरूपात ई-मेलने मिळावीत. (२) व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण करण्यास परवानगी असावी. (३) अंतर्गत चाचण्यांसह सर्व परीक्षांत लेखनिक व जादा वेळ मिळावा. (४) परीक्षेचे केंद्र बदलल्यास त्या केंद्रास ही माहिती लेखी कळवावी. सोबत यूडीआयडी कार्डाची प्रत जोडली आहे.*

कर्णबधिर विद्यार्थ्याने याच जागी व्याख्यात्याने वर्गाकडे तोंड करून बोलावे, सूचना फलकावर किंवा संदेशाने लेखी मिळाव्यात, चित्रफितींना उपशीर्षके असावीत आणि तोंडी परीक्षेऐवजी लेखी प्रश्न मिळावेत, अशा मागण्या लिहाव्यात. खुणांची भाषा वापरत असल्यास दुभाष्याची मागणी करावी. अस्थिव्यंग असलेल्याने आपल्या तुकडीचे वर्ग तळमजल्यावर हलवावेत, अशी मागणी करावी. यासाठी संस्थेला एक रुपयाही खर्च येत नाही, फक्त वेळापत्रक बनवणाऱ्याला सत्र सुरू होण्याआधी ते कळायला हवे. सिकलसेल, हिमोफिलिया किंवा मानसिक आजार असलेल्या विद्यार्थ्याने उपस्थितीच्या अटीत सवलत आणि आजारपणात हुकलेल्या चाचणीऐवजी दुसरी संधी आधीच मागून ठेवावी. आजार बळावल्यावर असा अर्ज लिहिण्याचे त्राण उरत नाही.

अर्जाच्या दोन प्रती काढा, आवक-जावक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तेथून हलू नका. कारकून 'राहू द्या, पोहोचवतो' म्हणाले, तरीही नम्रपणे पोच मागा. एक प्रत विभागप्रमुखांना आणि एक विद्यापीठाच्या समान संधी कक्षाला, म्हणजे अशा सोयींचे काम पाहणाऱ्या विभागाला, पाठवा.

५. वाचता येईल असे अभ्याससाहित्य मिळवा

दृष्टिबाधित आणि अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांचा सर्वाधिक वेळ येथे जातो. संगणकासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, विनामूल्य असून तो मराठी वाचतो. अँड्रॉइड फोनमध्ये याच कामाचे टॉकबॅक आधीपासूनच असते. कमी ऐकू येणाऱ्यांना बोललेले शब्द पडद्यावर उमटवणारे लाइव्ह ट्रान्सक्राइब हे ॲप उपयोगी पडते, त्यात मराठीही आहे.

मराठी माध्यमात मोठी अडचण फॉन्टची येते. अनेक प्राध्यापकांची टिपणे युनिकोड (प्रत्येक यंत्राला मराठी अक्षरे ओळखता येतील अशी सर्वमान्य पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असतात. पडद्यावर ती सुबक मराठी दिसतात, परंतु आतून तो मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा असतो. म्हणून 'समाजशास्त्राची व्याख्या' या ओळीवर आल्यावर स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग वाचू लागतो. डोळस प्राध्यापकाला ही अडचण सांगून कळत नाही, त्यामुळे ती दाखवावी लागते. फाइलमधील एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपच्या संदेशात चिकटवा. मराठी उमटली तर फाइल युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी चिन्हे उमटली, तर ती फाइल तुमच्या उपयोगाची नाही, हे प्राध्यापकांना समोरच दिसेल. त्यानंतर मूळ फाइल मागून फॉन्ट रूपांतरकाने ती युनिकोडमध्ये आणता येते.

पुस्तकाची छायाप्रत किंवा चित्ररूप पीडीएफ असेल, तर ती गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडल्यास मजकूर वेगळा होतो. स्वच्छ छपाई असल्यास मराठीचा निकाल चांगला येतो, पण जोडाक्षरे, तळटीपा आणि तक्ते बिघडतात. तक्ते कोणाकडून तरी वाचून घेऊन स्वतः टंकणे अधिक बरे.

'पुस्तक स्कॅन करणे बेकायदेशीर आहे' असे ग्रंथालयात सांगितले गेल्यास घाबरू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये दिव्यांग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातील प्रत तयार करण्यास स्पष्ट मुभा आहे, आणि याच विषयावरील माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश होता. त्याशिवाय २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाचे सदस्यत्व पहिल्याच महिन्यात घ्या. मुंबईत असाल, तर सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र एकदा पाहून या. सुसज्ज केंद्र कसे असते हे डोळ्यांपुढे असले, की आपल्या महाविद्यालयाकडे काय मागायचे ते नेमके सांगता येते.

६. परीक्षा : लेखनिक, जादा वेळ आणि जागा

केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार परीक्षेच्या प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटे जादा मिळतात. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास आणि अडीच तासांच्या प्रश्नपत्रिकेला ५० मिनिटे, असा हा हिशेब आहे. लेखनिक न घेता स्वतः लिहिणाऱ्या पात्र विद्यार्थ्यालाही हा वेळ मिळतो. 'रायटर नाही, म्हणून वेळ नाही' हे म्हणणे चुकीचे आहे. लेखनिक स्वतः आणायचा की संस्थेने द्यायचा आणि त्याची पात्रता किती असावी, याचे नियम मधूनमधून सुधारले जातात, म्हणून आपल्या विद्यापीठाचे चालू परिपत्रक वाचूनच अर्ज भरा. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा शिक्षणात खालच्या पायरीवरील असावा, ही अट सर्वसाधारणपणे असते.

दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी असेल तरी निराश होऊ नका. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निर्णय दिला की लेखनिकाची सोय केवळ ४० टक्क्यांच्या अटीवर अडवता येणार नाही. त्यानंतर लिहिण्यात अडचण असलेल्या अशा उमेदवारांसाठी केंद्राने २०२२ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही काढली. अर्जात या दोन्हींचा उल्लेख करा.

लेखनिक शोधताना खरी अडचण तारखांची येते. खालच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या परीक्षाही त्याच महिन्यात असतात, त्यामुळे ऐनवेळी लेखनिक नकार देतो. प्रत्येक प्रश्नपत्रिकेसाठी दोन नावे तयार ठेवा आणि दोघांचीही ओळखपत्रे अर्जाला जोडा. परीक्षेपूर्वी एका संध्याकाळी जुनी प्रश्नपत्रिका घेऊन त्याच्याबरोबर सराव करा. साहित्याच्या विद्यार्थ्याने 'साधारणीकरण', 'विभाव', 'अनुभाव' अशा शब्दांची यादी त्याला आधीच लिहायला लावावी, म्हणजे परीक्षेत प्रत्येक शब्दाची फोड करून सांगण्यात वेळ जाणार नाही. सुरुवातीला संपूर्ण प्रश्नपत्रिका एकदा वाचून घ्यावी, पूर्ण वाक्य मनात जुळवून मगच सांगावे, नवा परिच्छेद कोठे हवा ते बोलून दाखवावे आणि प्रत्येक उत्तराची शेवटची ओळ परत वाचून घ्यावी.

केंद्रावर स्वतंत्र खोली मागा, कारण तुम्हाला मोठ्याने सांगावे लागते. एका केंद्रावर मला शिक्षकांच्या खोलीत बसवले होते, जेथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजणे आणि चहापाणी सुरूच होते. माझे वाक्य लेखनिकाला तीनतीनदा सांगावे लागे. ही गोष्ट पहिल्याच प्रश्नपत्रिकेनंतर केंद्रप्रमुखांना लेखी कळवल्यावर पुढच्या प्रश्नपत्रिकेला खोली मिळाली. एकाच दिवशी दोन प्रश्नपत्रिका असतील, तर जादा वेळ धरून पहिली किती वाजता संपते ते मांडून पाहा. मधल्या वेळात जेवायलाही फुरसत उरत नसेल, तर वेळापत्रक जाहीर होताच परीक्षा विभागाला कळवा. अंतर्गत चाचणी, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा यांची सवलत विद्यापीठाच्या मंजुरीपत्रात बहुधा नसते, ती महाविद्यालयाकडून वेगळी घ्यावी लागते.

७. शिष्यवृत्तीचे अर्ज

महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर केंद्राच्या योजना आहेत. तंत्रशिक्षणाच्या पदवी-पदविका विद्यार्थ्यांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) सक्षम शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची असून तिच्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावे लागते. अर्ज भरल्यावर महाविद्यालयाच्या लॉगिनमधून तो पुढे गेला का, हे दर आठवड्याला तपासा. बहुतेक अर्ज तेथेच पडून राहतात.

८. नकार मिळाल्यास काय करावे

तोंडी नकारावर वाद घालू नका. 'आपण दिलेला नकार कारणासह लेखी मिळावा' असा एका ओळीचा अर्ज द्या. अनेकदा एवढ्यावरच मार्ग निघतो. न निघाल्यास संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार या समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्याने समाधान न झाल्यास १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. ही मुदत चुकवू नका. दिव्यांगत्वाच्या हक्कांबाबत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, म्हणजे पुण्यातील आयुक्तालयाकडे, थेट तक्रार करता येते. तक्रारीसोबत पोच घेतलेल्या सर्व अर्जांच्या प्रती जोडाव्यात.

राखीव जागा किती होत्या आणि किती भरल्या, हे कळत नसेल, तर १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात विचारा. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून जागांचा प्रश्न आणि उताराचा प्रश्न एकाच अर्जात घालू नका.

९. मिळालेली सोय पुढच्या तुकडीसाठी कायम करून घ्या

तुम्हाला मिळालेली सोय केवळ तुमच्या नावावर राहिली, तर पुढील वर्षी नव्या विद्यार्थ्याला सगळे पहिल्यापासून करावे लागते. म्हणून सत्राच्या शेवटी समान संधी कक्षाला एक पत्र द्या आणि त्यात तीन मागण्या करा : इच्छुक लेखनिकांची नावे, माध्यम आणि विषय यांसह महाविद्यालयाने स्वतःकडे ठेवावीत, सर्व विभागांनी टिपणे युनिकोडमध्येच द्यावीत असे परिपत्रक काढावे, आणि प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत कक्षाच्या समन्वयकांचे नाव, बसण्याची जागा व दूरध्वनी क्रमांक छापावा. माहितीपुस्तिकेचा मजकूर उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीच पक्का होतो, त्यामुळे हे पत्र मार्चअखेरपर्यंत पोचले पाहिजे, आणि त्याचीही पोच घ्या.